तिसऱ्या खड्ड्यातली राख

धर्मामामा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी जव्हारच्या कॉलेजात त्यानेच खणलेल्या खड्ड्याची नोंद टाइप करत होते. त्याचं म्हणणं वगळून... म्हणून हे लिहायला हवं. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

साखरशेतजवळच्या टेकडीवर बरीच वर्षं उत्खनन चाललं. भाताची झोडणी उरकली की मामा दर हिवाळ्यात तिथं खणायला जायचा. त्या उत्खननाच्या वह्या आणि मातीचे नमुने आता कॉलेजात आलेत आणि वह्या आम्ही विद्यार्थी संगणकात उतरवतो. नमुना म्हणून सरांनी मध्य अमेरिकेतल्या माया संस्कृतीच्या एका नगराच्या उत्खननाची कागदपत्रं दिली होती. मी ती मामाला मोबाईलवर दाखवली. किती बारकाईने जपलेली! तो म्हणाला, "खणणाऱ्यांची नावं कुठंत?" मी शोधली. माझ्याकडच्या पानांवर तरी नुसते 'मजूर' होते. "म्हंजे तिथंबी मीच होतो," म्हणून तो हसला.

मग मी आमची वही वाचून दाखवली. 'तिसरा खड्डा. राखेचा पातळ थर. बहुधा होमाची जागा.' मामा उखडलाच. "होम? कोणी केला, माझ्या बापानं? अगं, राब भाजलाय तो!" पेरणीआधी आम्ही वाफ्यावर शेण आणि पालापाचोळा पसरून जाळतो, तो राब. "खाली माती भाजून लाल, वर राख, मधी जळक्या काड्या. मी तवाच खोदकामाच्या साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, तू खण."

"मग तू गप्प बसलास?"

"मी बसलो. तू नको बसू. नुसती उतरवायला शिकलीस काय?"

मी शेऱ्यात 'राब' लिहिलं. सरांनी ते काढलं. "मूळ वहीत नाही ते आपण घालत नाही." मी मान डोलावली... आणि चार दिवसांनी तो फोन आला.

दिवसकार्य आटोपून परतले, ती थेट नमुन्यांच्या कपाटाकडे गेले. तिसऱ्या खड्ड्यातल्या मातीची पिशवी सरांच्या टेबलावर आणून उघडली. लाल माती, जळक्या काड्या. म्हटलं, "सर, वहीतली चूक तशीच राहू द्या. पण तिच्याखाली ही ओळ राहील. 'हा राब आहे. खणणारे आणि सांगणारे, धर्मा सोमा.' तुम्ही काढलीत तर मी पुन्हा लिहीन."

त्यांनी एकदा काढली. मी पुन्हा लिहिली.

मामीने मला मामाचं टेकडीवर खणायचं खुरपं दिलंय. वह्यांची पानं उडू नयेत म्हणून ते वर ठेवते. परवा सर म्हणाले, "ते घरी ने." मी म्हटलं, "नाही सर. हेही त्याच उत्खननातलं आहे."