आठवा गाईड

दिग्रसच्या बाजारपेठेला गप्प बसवू शकणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि तो ना पुढारी होता ना ठाणेदार. ते आमचे हेडवाले चाचा. गिअर, ब्रेक, क्लच असली कामं त्यांना हलकी वाटत. इंजिनाचं हेड आणि हेडमधले गाईड, एवढंच त्यांचं राज्य. व्हॉल्व्ह ज्या बोटभर नळीतून वरखाली होतो ती नळी म्हणजे गाईड. ती झिजली की ऑइल खाली उतरतं आणि गाडी सकाळी सकाळी निळा धूर सोडते. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी गाडीचा असा धूर दिसला की चाचा हातातला चहा टाकून मागे धावत. एकदा त्यांनी वरातीची गाडी अडवून नवरदेवालाच सांगितलं, "भाऊ, लगन करून घे, पन परत येताना हेड उतरवून जाय." आणि तो बिचारा खरोखर तिसऱ्या दिवशी नवरीसकट हजर झाला.

नवे गाईड बसवायचे म्हणजे हेड तापवायचं आणि गाईड थंड करायचे, ही त्यांची रीत. हेड तापायला शेजारच्या बेकरीच्या भट्टीत जाई. त्या दिवशीच्या खारीला ऑइलचा वास येई आणि आम्ही सगळे ती मुकाट्याने खात असू. गाईड रात्रभर चाचींच्या फ्रीजमध्ये बर्फात पडून असत. एकदा पाहुण्याच्या सरबतात बर्फासोबत एक गाईड गेला, तेव्हा चाचांनी आधी गाईड पुसून खिशात घातला आणि मग पाहुण्याची माफी मागितली.

पण खरा सोहळा पुढे. तापलेलं हेड ओट्यावर आलं की चाचा डावा हात वर करत आणि सारी गल्ली थांबे. पानठेल्यावरचा रेडिओ बंद, ऑटो बंद, भाजीवालीची घासाघीस अर्धवट. गाईडवर पितळेची कांडी धरून ते हातोडीचे ठोके घालत. गाईड उतरत असताना ठोका बद्द वाजतो, आणि त्याची कॉलर, म्हणजे वरची कडा, हेडला टेकली की खणखणीत. तो आवाज बदलला की थांबायचं, एक ठोका जास्त झाला तर हेडला चीर जाते. वीस वर्षांत गल्लीतल्या पोरासोरांनासुद्धा तो फरक कळू लागला होता. सगळ्यात जास्त बोलणी मी खाल्ली, कारण शाळामास्तराला तोंड बंद ठेवणं जमत नाही. "मास्तर, काहून बडबड करून राह्यले? लोखंड बोलते, त्याले बोलू द्या!" असं त्यांनी मला चारचौघांत कितीदा झापलं, याची मोजदाद नाही.

मागच्या हिवाळ्यात माझ्या वडिलांच्या जुन्या गाडीचं हेड त्यांच्याकडे गेलं. वडील गेल्यावर ती गाडीच तेवढी उरली होती, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हाती देणं मला शक्य नव्हतं. आठ गाईड होते. सात अगदी झोकात बसले. एक गोष्ट मात्र विचित्र वाटली. ठोके घालताना चाचा हेडकडे पाहत नव्हते, समोरच्या पानठेल्याकडे पाहत होते. मला वाटलं, खर्ऱ्याची, म्हणजे ठेल्यावर घोटून देतात त्या सुपारी-तंबाखूची, तलफ आली असावी.

आठव्याच्या वेळी चाचांनी हात वर केला आणि कापसाचा एक ट्रक होता तिथेच थांबला, नेमका पानठेल्याच्या पुढ्यात. हेड निवत चाललं होतं, वाट पाहायला वेळ नव्हता. चाचांनी ट्रककडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहत ठोके सुरू केले. ती नजर मी जन्मभर पाहत आलोय. उत्तर येत नसलेलं पोर मास्तरांच्या चेहऱ्यावर ते शोधतं, तशी. चाचांना ऐकू येत नव्हतं. हे कळलं त्याच क्षणी आवाज बदलला. गल्लीने ऐकला, मीही ऐकला, आणि मी नुसता त्यांच्याकडे बघत राहिलो. चाचांनी आणखी एक ठोका घातला.

चीर केसाएवढीच होती. चाचा तिच्यावरून बोट फिरवत राहिले.

"आवाज बदलला होता न, मास्तर?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग सांगाचं होतं न."

ट्रक हलल्यावर पानठेलेवाला जवळ आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "दोन साल झाले, मास्तर. आवाज बदलला का मी खर्रा घोटाले घेत होतो, त्याइले दिसावं म्हून. सगळ्याइले माहीत होतं. तुमालेच सांगाचं राहून गेलं."

चाचांनी त्यानंतर हातोडी उचलली नाही. हेडं आता यवतमाळला मशीनवर जातात आणि बेकरीच्या खारीला नुसता खारीचा वास येतो. माझी गाडी अंगणात हेडाविना उभी आहे. दुसरं हेड आणावंसं वाटत नाही. संध्याकाळी मी चाचांच्या ओट्यावर जाऊन बसतो, तोंड त्यांच्यासमोर धरून एकेक शब्द सावकाश बोलतो, आणि ते माझ्या ओठांकडे पाहत हसतात. आता ते मला कधीच गप्प बसायला सांगत नाहीत. जन्मभर नको तिथे बोलत आलो, आणि एकदाच बोलायला हवं होतं तेव्हा मी त्यांचं ऐकून गप्प उभा होतो.