पाच छप्पन्न की सात बासष्ट

आम्ही भाईंदरच्या इंद्रलोक भागात राहायला आलो तेव्हाची गोष्ट. आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि खालच्या मजल्यावरचे सुभेदारकाका त्यांच्याही आधीचे. संध्याकाळच्या चहाला दोघांची जुंपायची: पाच छप्पन्न चांगली की सात बासष्ट. भाईंदरमध्ये राहणाऱ्या बाईला पाच छप्पन्न म्हटलं की लोकलच आठवणार. मी स्वयंपाकघरातून शहाणपणा केला, "पाच छप्पन्नला बसायला मिळतं हो. पण सात बासष्ट कुठून काढलीत? घड्याळ एकोणसाठला संपतं." दोघं इतके हसले की काकांच्या बशीतला चहा सांडला.

मग मला समजावून सांगितलं. ही बंदुकीच्या गोळ्यांची मापं होती, मिलिमीटरमधली. काकांच्या काळची रायफल सात बासष्टची, जड, खांदा सुजवणारी. ती गोळी लागली की माणूस पुन्हा उठत नाही, असं त्यांचं म्हणणं. ह्यांच्या वेळी पाच छप्पन्नची आली. हे फायरिंग शिकवायचे, त्यामुळे ह्यांचं एकच पालुपद: गोळी केवढी ते नंतर, लागते कुठे ते आधी बघा. धक्का कमी बसला की नेम हलत नाही, आणि तेवढ्याच वजनात गोळ्याही जास्त नेता येतात. काका म्हणायचे, ही कारकुनांची बंदूक. वाद कधी मिटला नाही आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. दोन म्हातारे भांडतायत म्हणजे दोघांची तब्येत ठीक आहे, एवढंच मला कळायचं.

मागच्या वर्षी आमची मुलगी निमलष्करी दलात भरती झाली. ट्रेनिंग संपल्यावर तिचा फोन आला, पोस्टिंग जंगलातल्या चौकीवर मिळालं होतं. त्या संध्याकाळी काका पेढे घेऊन आले आणि पेढा तोंडात असतानाच दोघं सुरू झाले, तिला रायफल कुठली मिळेल? पोरगी हडकुळी आहे, तिला हलकीच बरी, असं काका चक्क कबूल करून बसले. हे तर फुलून गेले. पोरीचा नेम माझ्यावर गेलाय म्हणाले.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. मला दोघांचाही राग आला होता, आणि भीती होती ती वेगळीच.

"अहो, तिच्या हातातली राहू दे," मी म्हणाले. "तिच्यावर झाडतील ती कुठली असते?"

काकांनी अर्धा पेढा बशीत ठेवला. उत्तर ह्यांनी दिलं.

"सात बासष्टच. बहुतेक."

"आणि झाडणाऱ्याचा नेम?"

फौजेत ह्यांनी कितीतरी पोरांना नेम धरायला शिकवलं. एकाचीही गोळी फुकट गेलेली ह्यांना खपायची नाही. त्या माणसाने माझ्याकडे न बघताच हात जोडले.

"चुकू दे," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी चुकू दे."