नागपंचमीला खुडलेली पानं

अंजनगाव सुर्जीच्या बसस्टँडवर आईनं ओल्या फडक्यात बांधलेली विड्याची शंभर पानं माझ्या हातात दिली, तेव्हा मी तिच्यावर चिडले होते. परदेशात झाडपाला नेऊ देत नाहीत, उतरल्यावर काढून घेतात, हे मी तिला आठ दिवस सांगत होते. "काहाडून घेतली तं घेतली. त्यायच्यातबी कोनी पान खात असन," असं म्हणून तिनं ती पिशवीत कोंबली. सोबत मराठी कॅलेंडर गुंडाळून दिलं, सणवार कळावेत म्हणून. बस हलली तशी ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "इकडची फिकर नोको करू, मीने. तू तिकडचं पाह्य." मी मान हलवली. हे वाक्य मी इतकं मनावर घेईन, असं तिलाही वाटलं नसेल.

पानं मॉन्ट्रियलला उतरताच कचऱ्यात गेली. कॅलेंडर वाचलं.

आमचा पानमळा आहे. शेवरी-पांगऱ्याच्या झाडांवर चढवलेले विड्याच्या पानांचे वेल, आणि आत भर उन्हाळ्यातसुद्धा गार ओल. बाबा मी शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून मळा आई आणि दादा बघतात, लग्नानंतर वहिनीही. मळ्यात कुणीही आलं तरी चप्पल बाहेर. आमच्याकडे ही नागवेल म्हणजे देवच, त्यामुळे नागपंचमीला तर पानाला नखही लावत नाहीत. त्या दिवशी घरात विळी निघत नाही, तवा चढत नाही, जमीन खणत नाहीत. आई वेलीच्या बुडाशी दूध-लाह्या ठेवते आणि लगेच मागं फिरते. मी चार वर्षांची असताना या दिवशी एक पान तोडलं होतं, त्याचा धपाटा मला अजून आठवतो.

मी अकोल्याला एका दवाखान्यात नर्स होते आणि दर रविवारी अमरावतीला राजापेठेत फ्रेंच शिकायला जायचे. साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची एक खोली, आणि आजूबाजूला सगळे डॉक्टर-इंजिनियर व्हायला निघालेल्या पोरांचे क्लास. आमचे सर पुद्दुचेरीत नोकरी करून परतलेले अस्सल वऱ्हाडी. खाली गाड्यांचे हॉर्न वाजत असताना ते ओरडून शिकवायचे. घडून न गेलेल्या गोष्टीचा काळ शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी खडू ठेवला. "आपन काय म्हनतो? पानी आलं असतं तं पीक झालं असतं. झालं का? नाई झालं. मंग बोलून काय फायदा? काहीच नाई. तरी बोलतो. त्यालेच हा काळ म्हनते."

बनवायचा कसा, तर आधी सहायक क्रियापदाचं 'असतं'वालं रूप, मग मुख्य क्रियापदाचा भूतकाळी तुकडा. झोरे दमांदे, म्हणजे मी विचारलं असतं. येणं, जाणं, निघणं, राहणं, मरणं अशा क्रियापदांना सहायक वेगळं लागतं. झ सरे व्हन्यू, मी आले असते. बोलणारी बाई असेल तर शेवटी एक जादा अक्षर लिहायचं, पण उच्चारायचं नाही. आम्ही सगळे एकच चूक करायचो. मराठीत 'असतं' दोन्हीकडे येतं, 'कळलं असतं तर आले असते', म्हणून आम्ही फ्रेंचमध्येही दोन्हीकडे 'रे' लावायचो. सर माझ्याकडे बघून म्हणायचे, "पानमळेवाले, 'सी'च्या मळ्यात 'रे'ची चप्पल चालत नाई." 'सी' म्हणजे जर. तेवढं मात्र मी कधी विसरले नाही.

मॉन्ट्रियलला मला वृद्धांच्या निवासात काम मिळालं. तिथं नर्सची पदवी लगेच चालत नाही, म्हणून उचलणं, पुसणं, भरवणं. लकवा झालेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा एकेक शब्द बोलायला लावणाऱ्या बाई येत, त्यांच्या हाताखाली मी खूप शिकले. लवकर सुरुवात केली तर फरक पडतो, हे मी डोळ्यांनी बघत होते. दुपारनंतर फ्रेंचचा वर्ग. कायमचं राहायला मिळायचं तर फ्रेंचच्या तोंडी परीक्षेचा दाखला लागणार होता, आणि माझी एक खेप नापास होऊन झाली होती. व्हिसाची मुदत संपत आली होती, दुसऱ्या वेळी नापास झाले असते तर बॅग भरून परत. अंजनगावात कुणी हसलं नसतं, पण मला ते सगळे चेहरे आत्तापासून दिसत होते.

परीक्षा चार दिवसांवर आली. संध्याकाळ होती, तिथं उन्हाळ्यात उशिरापर्यंत उजेड असतो. मी टेबलावर वही पसरून 'मी असं केलं असतं, मी तसं केलं असतं' घोकत होते. तेव्हा आपल्याकडची सकाळ असते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी लावायचे तसा फोन लावला. दादानं उचलला.

"आई कुठं आहे?" मी विचारलं.

"मळ्यात गेली. पानं खुडाले."

आणि तो गप्प राहिला. फोन ठेवलाही नाही.

माझ्यासमोर भिंतीवर कॅलेंडर होतं. दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात नागाचं चित्र होतं, आणि माझा दुसरा दिवस म्हणजे त्याची चालू सकाळ. आई नागपंचमीला पानं खुडायला गेली, हे खरं असूच शकत नव्हतं. मला ते त्याच क्षणी कळलं. मी म्हटलं, "बरं. सांग तिला फोन आला होता म्हणून." तो म्हणाला, "हो." मग मी वही पुढं ओढली.

का नाही विचारलं? विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. मी स्वतःला सांगितलं की वहिनीचं राज्य आलं असेल, नेम सैल झाले असतील. वहिनीची नेम सैल करण्याची हिंमत होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढचे चार दिवस मी फोन केला नाही, अभ्यासाचं निमित्त होतंच.

तोंडी परीक्षेत त्यांनी नेमकं तेच विचारलं. मागं वळून बघताना कोणती गोष्ट वेगळी केली असती? मी चुकलेल्या बसची एक गोष्ट रचून सांगितली. मला वेळ माहीत असती तर मी लवकर निघाले असते. दोन्ही बाजू बिनचूक. परीक्षक बाई खूश झाल्या. मी पास झाले.

पास झाल्याचं सांगायला फोन केला तेव्हा दादानं सांगितलं. नागपंचमीच्या दोन दिवस आधी आईला लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्या सकाळी तो अकोल्याच्या दवाखान्यात तिच्या खाटेशी बसून माझ्याशी बोलत होता.

मी त्याला काय काय बोलले, ते इथं लिहीत नाही. मला सांगितलं असतं तर मी आले असते, हे वाक्य मी त्याला ऐकवलं, वहिनीला ऐकवलं, अकोल्याच्या मावशीला ऐकवलं, वर्गातल्या मैत्रिणींना फ्रेंचमध्येही ऐकवलं. सगळ्यांना माझी दया आली. घरचे लोक असेच असतात, बाहेर गेलेल्या माणसापासून दुखणं लपवतात, असं म्हणत प्रत्येकीनं आपापल्या घरची गोष्ट सांगितली. दादा फक्त एकदाच म्हणाला, "सांगतलं असतं तं खरंच आली असती?" मी फोन आपटला.

डिसेंबरात मी गावी गेले. आई अंगणात बाजेवर बसली होती. मला बघून रडली, आणि तोंडातून नुसते दोन-तीन आवाज निघाले. मी तिला तिकडं शिकलेला व्यायाम सुरू करून दिला. माझं नाव उच्चारायला तिला नऊ दिवस लागले. पहिल्याच आठवड्यात कुणी शिकवलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर मला येतं, म्हणून मी तो हिशेब करत नाही. म्हणजे रोज करते.

निघायच्या आदल्या दिवशी दादा मला मळ्यात घेऊन गेला. आम्ही चपला बाहेर काढल्या. तो पानं खुडत होता, मी मागं टोपली धरून. माझ्याकडे न बघताच तो बोलायला लागला.

"तुले कावून नाई सांगतलं, आईक. आईनं माह्या हातातला फोन पाह्यला आन् माहं मनगट धरलं, डाव्या हातानं. मान हालवे. पोरीले सांगू नोको. म्या तिच्या हातावर हात ठेवला. आता सबद देल्यावर सांगू कसा?"

मी टोपली पुढं केली.

"मंग म्या तसं सांगतलं. पंचमीले कोनी पानं खुडते काय? मले वाटलं, तू वळखशीन. सबदबी मोडत नाई आन् तुलेबी समजते. म्या दिवसभर फोन हातात धरून बसलो, का तू आता करशीन, मंग करशीन."

त्यानं टोपलीत पानं ठेवली. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "पन तू तिकडं राहून इसरली असशीन. चालते. इतक्या दूर गेल्यावर मानूस इसरतेच. म्या कई राग नाई केला तुहा."

त्यावर एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते माझ्या स्वतःच्या भाषेत होतं. मी म्हटलं, "हो रे, विसरले." आणि टोपली डोक्यावर घेतली.

आता मी पुन्हा मॉन्ट्रियलमध्ये आहे. राहायचे कागद आले आहेत. फोन लावला की पहिला प्रश्न "आई कुठं आहे, दाखव." दादा लगेच फोन वळवतो. आई डाव्या हातानं पानं एकावर एक लावताना दिसते, कधी मान वर करते, कधी नाही. तुम्ही जे मागं राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्ही सगळे घराबद्दल खूप बोलता. माझ्यासाठी घर म्हणजे आता चुकीच्या कारणासाठी मला माफ करून बसलेला एक माणूस, आणि त्याच्याकडे जायची माझी हिंमत नाही. तोंडानं नाही निघालं, म्हणून लिहिते. वहिनी हे त्याला वाचून दाखवेल.

दादा, मी विसरले नव्हते. तू बोललास, तेव्हाच मी ओळखलं होतं.