विसाव्यावरचा डबा

मराठी शब्दाचा अर्थ मला कोणी सांगू नये, असा माझा तोरा होता. घरी आम्ही हिंदी-उर्दूत बोलतो, पण अमरावतीच्या शाळेत मी जन्मभर मराठी शिकवली. मुसलमान मास्तर मराठी शिकवतो म्हटल्यावर कोणी भुवया उंचावल्या, की मी त्यांच्याच ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचो.

निवृत्तीनंतर मला एक खूळ लागलं. कोणीतरी कुठंतरी डबा लपवतो, जागेच्या अक्षांश-रेखांशांचे आकडे इंटरनेटवर टाकतो, अन् बाकीचे मोबाईल घेऊन तो हुडकतात. नियम एकच: डब्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. बायको म्हणायची, खायला काळ अन् भुईला भार झालात. तरी रविवारी गाडीवर मागं बसायचीच. अकोल्यापासून भातकुलीपर्यंत रस्त्याच्या कडेला विसरलेलं बरंच काही सापडलं; मैलाचे जुने दगड, बैलांना पाणी पाजायची कोरडी हौदी. डबा मात्र एकही नाही. पेपर उघडला की आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या गावात कोणा शेतकऱ्यानं जीव दिलेला असायचा. अशा मुलखात हा खेळ खेळणार कोण?

म्हटलं, आपणच ठेवू. भातकुलीच्या बाजूला एका गावाबाहेर लिंबाखाली दगडी ओटा दिसला. सायकलवाल्याला विचारलं, तर 'विसावा हाय' एवढं बोलून तो निघून गेला. काय गोड शब्द! वाटसरूंनी घटकाभर टेकायची जागा, असं मी इंटरनेटवर झोकात लिहिलं, अन् ओट्याच्या फटीत स्टीलचा डबा सारला.

उन्हाळ्यात बघायला गेलो, तर डब्यात चुन्याची डबी. पितळेची, वापरून गुळगुळीत झालेली. कोणीतरी खेळलं म्हणून मी हरखलो. नियमाप्रमाणे डबी खिशात टाकली अन् एक पेन ठेवला.

तेवढ्यात गावाकडून एक म्हातारी आली. तिनं आम्हाला हटकलंही नाही. सरळ फटीतून डबा काढला, उघडला अन् बघत राहिली. बायकोनं जवळ जाऊन विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. गावातून मयत निघालं की तिरडी इथं टेकवतात, खांदे बदलतात, मग मसणात नेतात. बाया इथूनच माघारी फिरतात. तिनं लेकाला शेवटचं पाहिलं ते याच ओट्यावर. इथं डबा दिसला म्हणून त्याची डबी तिनं त्यात ठेवली होती. तो कसा गेला, हे आम्ही विचारलं नाही. त्या वर्षांत कोणी विचारत नसे.

आमच्यात जनाजा वाटेत खाली ठेवत नाहीत, मला कुठून ठाऊक असणार? तरी स्वतःचा असा राग आला! डबी परत द्यायला मी खिशात हात घातला, तोच ती म्हणाली, "नेली त्यानं. मले वाटलंच व्हतं. चुन्याबिगर त्याचं भागतच नाई."

तिचा चेहरा उजळला होता. बायकोनं माझा दंड घट्ट धरला. म्हातारीनं कनवटीची तंबाखूची पुडी काढून डब्यात ठेवली, डबा होता तसा सारला अन् निघून गेली.

परतताना बायको म्हणाली, "अब वो पुडी कौन ले जाएगा?"

घरी आल्याबरोबर मी इंटरनेटवरून जागेचे आकडे काढून टाकले. मग महिन्या-दोन महिन्यांनी आमची भातकुलीकडे खेप होऊ लागली. सुपारीचं खांडही न खाणारा मी, तंबाखूची पुडी खिशात घालून यायचो. पुढच्या खेपेला नवी ठेवलेली असायची. एकदा वाटेत म्हातारी भेटली. 'तो अजून नेते बरं,' असं तिनं बायकोला हळूच सांगितलं.

पुढच्या वर्षी थंडीत गेलो, तर डब्यात माझा पेन तेवढा. ओट्यावर गुलाल अन् मुरमुरे सांडले होते. शेळ्या चारणारी एक बाई होती, तिला म्हातारीबद्दल विचारलं.

"परवाच टेकवलं तिले इथं," ती म्हणाली.

बायको ओढणीत तोंड खुपसून रडू लागली. चुन्याची डबी माझ्या खिशातच होती, दर खेपेला असायची. ती डब्यात ठेवून मी झाकण लावलं.