तीनला पाच कमी

चहा घ्या, पण कप घट्ट धरा. मी जो घोळ घातला तो ऐकून अर्धा चहा सांडणार तुमचा!

मी सिलतऱ्याच्या एका स्टील कारखान्यात मेंटेनन्सले आहे. त्या दिवशी दुपारी तीनला मोठ्या साहेबांपुढं भट्टीच्या दुरुस्तीचा आराखडा मांडायचा होता. मागच्या दोन वेळा माझं काम अर्धवट निघालं होतं. आमचे गायधने साहेब म्हणाले होते, "ढोबळे, सकाळी घरीच बस अन् पूर्ण कर. या वेळी चुकला तर मी तुले वाचवू शकत नाही."

अन् मी? तीन ओळी लिहायच्या, फोन पाहायचा. माझी पोरगी पूर्वा अकरावीत आहे. इकडं हिंदी मुलखात वाढलेली, मराठी सारं समजते, उत्तर हिंदीत.

"पापा, चार घंटे का टाइमर लगा देती हूँ. फोन मेरे पास रहेगा. मैं भी ऐसे ही पढ़ती हूँ."

दहा वाजता तिनं टॅब समोर ठेवला. त्यावर हे मोठे आकडे, उलटे पळून राहिले! भिंतीवरचं घड्याळही टिकटिक करते म्हणून घेऊन गेली. अन् खरं सांगतो, काम असं लागलं की जगाचा विसर पडला. अकरा पानं झाली. मग मान वर केली.

टॅबवर २:५५.

अरे देवा! तीनला पाच कमी!

पेन ड्राइव्ह खिशात कोंबला, शर्ट घातला, पुन्हा पाहिलं तर २:५३. आता तुम्ही म्हणाल, घड्याळ मागं चाललं तरी कळलं नाही? नाही कळलं! उलट वाटलं, चला, दोन मिनिटं वाचली.

"पोट्टे, फोन दे! मले सांगितलं काहून नाही?"

"पापा, सुनो तो, अभी तो..."

"ऐकायले वेळ नाही!"

जिन्यातूनच, फोनवरची वेळही न पाहता, साहेबांना फोन लावला. तोंडातून आपोआप खोटं निघालं. "साहेब, मी केव्हाचा निघालो, पण रस्त्यात ट्रक उलटला. अर्धा तास झाला, अडकून आहो!"

"अरे बापरे! बरं झालं सांगितलं. मोठे साहेब आत्ताच विमानतळावरून निघाले. त्यांना गावातल्या रस्त्यानं वळवतो." फोन बंद.

मी खुश! म्हणजे तेही लेट!

स्कूटर अशी पळवली की सिग्नलवरचे लोक वळून पाहत होते. कारखान्याच्या गेटवर पोचलो, घामानं ओलाचिंब. आत भिंतीवर घड्याळ. बारा वाजले होते.

"भैया, घड़ी बंद है क्या?"

चौकीदार म्हणाला, "नहीं साहब. मीटिंग तो तीन बजे है ना?"

तिथंच स्टुलावर बसलो. तेव्हा डोक्यात शिरलं, ते दोन पंचावन्न वाजले नव्हते, तेवढा वेळ *उरला* होता!

सगळं कबूल करायचं ठरवलं. तेवढ्यात मोठ्या साहेबांची गाडी आली, खड्ड्यांच्या रस्त्यानं धुळीत न्हालेली. गायधने साहेब धावत आले. मी तोंड उघडलं, "साहेब, तो ट्रक..."

"थांब!" त्यांनी माझा खांदा धरून मले पुढं ढकललं. "सर, यही ढोबळे हैं. मीटिंग तीन बजे की, और ये सुबह से रास्ते में अटके थे, फिर भी बारह बजे हाज़िर!"

मोठ्या साहेबांनी धूळ झटकली, मले खालून वर पाहिलं. "वक़्त का इतना पाबंद आदमी मेंटेनन्स में क्या कर रहा है?"

आता सांगा, वेळेचा पक्का ठरल्यावर खरं कोण बोलणार? मी नुसती मान डोलावली. आराखडा मंजूर झाला, अन् सोबत नवी जबाबदारी: सकाळी सहाच्या शिफ्टले गेटवर उभं राहून उशिरा येणाऱ्यांची नावं लिहायची.

पहिल्याच दिवशी रजिस्टर उघडलं. पहिलं नाव लिहिलं ते माझंच. सहा वाजून वीस मिनिटं.