आरसा बाहेर, समुद्र आत
शिंदखेड्याजवळच्या त्या गावात विजेचे खांब आले होते, पण शाळेपर्यंत तार ओढायला कुणाला सवड नव्हती. मी धुळ्याहून आलेली नवी बाई, डोकं तापट. कोकणाचा धडा शिकवताना समुद्र म्हणून फळ्यावर चार वाकड्या रेघा ओढायच्या, याचा मला भारी वैताग यायचा.

पोरं मधल्या सुट्टीत सिनेमा सिनेमा खेळायची. गेलेला बल्ब पोखरून त्यात पाणी भरायचं, आरशाने त्यावर ऊन पाडायचं आणि मधे फिल्मचा तुकडा धरायचा. म्हटलं, हेच घेऊ वर्गात. एका डॉक्टरांकडून एक्स-रेच्या जुन्या फिल्म मागून आणल्या. सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन त्या स्वच्छ केल्या आणि चौथीच्या पोरांनी त्यांवर शाईने समुद्र काढला. समुद्र त्यांच्यातल्या कुणी पाहिला नव्हता. मीही नव्हता.

अंधारासाठी खिडक्यांना गोणपाट लावलं आणि दाराच्या फटीतून आरशाने ऊन आत पाडलं. पण ऊन सरकतं, आरसा सारखा फिरवावा लागतो, आणि बाहेर थांबायला एक पोर तयार होईल तर शपथ. मग काय, बाई उन्हात. मी दाराबाहेरून विचारायचे, "काय दिसतंय?"

"बाई, पानी वर शे, होडी खाले टांगेल शे."

चित्र उलटं पडणार हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. "अरे, फिल्म उलटी धरा," म्हणेपर्यंत हसून हसून माझा आरसा हलला आणि आत पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला.

वर्षभर ती बघायची आणि मी ऐकायचे. लाट केवढी, फेस कसा, अगदी जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगासारखा. एकदा तरी आत बसून तो समुद्र बघावा म्हणून जीव नुसता तुटायचा.

तेवढ्यात जामनेरकडे बदली झाली. शेवटच्या दिवशी वर्गातली सगळ्यात बोलकी पोरगी म्हणाली, "बाई, आज तुम्ही मझार बसा. आरसा आम्ही धरतस." कोण धरणार यावरून जुंपली आणि शेवटी झाडून सगळी बाहेर गेली. आत मी एकटी.

भिंतीवर समुद्र आला. शाईचे फराटे, कुणाच्या तरी बोटांचे ठसे, थरथरणारी होडी. माझा ऐकलेला समुद्र हा नव्हता. बाहेरून सगळ्यांनी एकदम विचारलं, "बाई, काय दिखस?"

सगळं दिसतंय, असं मी त्यांच्याच बोलीत ओरडून सांगितलं, "बठ्ठं दिखस रे."

जामनेरच्या शाळेत वीज होती, पुढे टीव्हीही आला. पोरं हाताची घडी घालून गुपचूप बघायची आणि मला ती शांतता खायला उठायची.

मग बऱ्याच वर्षांनी एकदा माझ्या मुलाने कोकणात नेलं. "आई, बघ ना," तो म्हणाला. बघितलं. समुद्र मोठाच होता. मुलगा फोटो काढत पुढे गेला, तशी मी समुद्राकडे पाठ करून, उन्हाकडे तोंड करून उभी राहिले. मागे काय दिसतंय ते सांगायला कुणी नव्हतं.