वेढ्यातली वाटी

मधुकाकांच्या शेजारी जेवायला बसण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. ताटात वरणाची वाटी आली की ते ती बोटाने ढकलत पार पलीकडच्या कडेला नेत, तिच्याभोवती पोळीचे तुकडे मांडत आणि म्हणत, "हा आपला जनरल. हे रशियन. आता पाहा." पाहण्यासारखं काही नसे. आपला भात गार होई, वाढपी कंटाळून पुढे जाई आणि काकांची वाटी भरलेलीच राही, कारण वेढ्यात सापडलेली फौज खायची नसते. घरीही रोज हेच. काकूंनी साजूक तूप सोडून वाढलेलं वरण शेवटी गायीपुढे जाई.

काका आमचे रायपूरच्या तात्यापाऱ्यातले भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. धमतरीच्या छोट्या रेल्वे लाइनवर मालबाबू होते, तिथूनच निवृत्त झाले. तरुणपणी रद्दीच्या दुकानात त्यांना त्या जर्मन जनरलचं चरित्र मिळालं आणि आमच्या मागे साडेसाती लागली. त्याचं नाव काका दर वेळी वेगळं उच्चारत, म्हणून अख्खा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, त्याला नुसता जनरल म्हणे. पहिल्या महायुद्धातला साधा अधिकारी, मग रणगाडे, मग फ्रान्स, मग रशियाचा बर्फ. तो कोणत्या राजवटीसाठी लढत होता, तिने माणसांचं काय केलं, हे मी काढलं की काका तोंड फिरवत. "तो विषय वेगळा आहे. मी फक्त लढाई सांगून राहिलो." या उत्तराचा मला मनस्वी संताप येई, अजूनही येतो.

त्यांचा खरा राग मात्र जनरलवर नव्हता, वरच्यांवर होता. वेढा पडायच्या आधी जनरलने मागे यायची परवानगी मागितली आणि वरून हुकूम आला, एक पाऊल मागे नाही. त्याने हुकूम पाळला, फौज गेली, तो कैदेत पडला. इथे आले की काकांचा आवाज चढे. "माघार घ्याले हिंमत लागते. त्या वरच्याले ते काहून समजलं नाही?"

आता ऐका. याच माणसाने पोटच्या मुलाला घराबाहेर काढलं होतं. विनू सरकारी नोकरीच्या परीक्षा देऊन देऊन थकला. नवं राज्य झालं, मंत्रालय रायपुरात आलं, तेव्हा त्याने अभ्यास गुंडाळून मंत्रालयासमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं. काका म्हणाले, परीक्षा सोडायची असेल तर या घरात पाय ठेवायचा नाही. विनूने समता कॉलोनीत खोली घेतली. दोन वर्षं झाली तरी बापलेकांत एक शब्द नाही. काकू देवळात जायच्या निमित्ताने मुलाला भेटत आणि डोळे पुसत परत येत. त्यांना फक्त विनू परत ताटावर बसलेला पाहायचा होता. मी काकांपाशी विषय काढला की ते फ्रान्सच्या सरहद्दीवर निघून जात.

त्या गणेशोत्सवात मंडळाने काकांना भाषणाला एक संध्याकाळ दिली. मी कार्यवाह होतो, त्यामुळे जबाबदारी माझ्या गळ्यात. काकांनी प्रसादाच्या वाट्या टेबलावर मांडल्या, वेढा पडला, आणि नेहमीचा प्रश्न त्यांनी सभेला विचारला, वरच्याले का समजलं नाही? बायकांच्या बाजूने काकू उभ्या राहिल्या. त्या कधी चारचौघांत बोललेल्या मला आठवत नाहीत.

"अन् आपल्या घरचा वरचा कोण आहे? माया पोट्टा दोन साल झाले वेढ्यात आहे."

काका चष्मा पुसत म्हणाले, "प्रश्न विषयाले सोडून आहे." आणि चहा न घेता घरी गेले. मला वाटलं, या माणसापुढे डोकं आपटून काही उपयोग नाही.

चार दिवसांनी ते माझ्या स्कूटरवर मागे येऊन बसले. मंत्रालयाकडे चल म्हणाले, टेहळणी करायची आहे. आम्ही विनूच्या दुकानासमोर, रस्त्याच्या अलीकडे, भर उन्हात थांबलो. काका उतरेनात. मी आत चला म्हटलं तर म्हणाले, आधी परिस्थिती पाहावी लागते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. माझ्या सुट्ट्या या टेहळणीत चालल्या होत्या. शेवटी विनूच रस्ता ओलांडून आला.

"बाबा, धूप में काहून बसले? आत चला."

काका बराच वेळ स्कूटरचा आरसा नीट करत राहिले. मग म्हणाले, "पानी पिऊन येतो." आणि त्याच्या मागे गेले. मी उन्हातच.

त्या संध्याकाळी विनू घरी जेवायला आला. काकूंनी मलाही बोलावलं होतं. ताटं वाढली, काकांचं बोट सवयीने वरणाच्या वाटीला लागलं, वाटी कडेपर्यंत गेलीही. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. काका विनूकडे पाहत राहिले. मग त्यांनी ती वाटी ओढून परत आपल्यापाशी आणली, भातावर रिकामी केली आणि कालवू लागले.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ते विनूच्या दुकानात बसून झेरॉक्सला आलेल्या लोकांना जनरल सांगत, आणि गिऱ्हाईकं पळतात म्हणून विनू माझ्याकडे तक्रार करी. तेराव्याला काकूंनी त्यांच्या नावाचं ताट वाढलं. त्यात वरणाची वाटी त्यांनी भाताला अगदी चिकटून ठेवली.